संमती कुणाची? भोर-वेल्ह्यातून दिसणारा एक जुना प्रश्न

१/ कल्पना करा : गरोदरपणातील रक्तक्षयावर संशोधन करणारे पथक भोर-वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत पोहोचले आहे. समोर १७ वर्षांची विवाहित, गर्भवती मुलगी. तिच्या सहभागाला संमती कोण देणार? या प्रश्नामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. अजाण वयात लावलेल्या लग्नाने आपण बांधील नाही, ही त्यांची भूमिका. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावले : नवऱ्याकडे जा, अन्यथा सहा महिने कैद. त्यांनी कैदेची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या डॉक्टर झाल्या.

३/ १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही बालिका पतीच्या संभोगामुळे दगावली. स्त्री-डॉक्टरांनी अशा बालपत्नींच्या दुखापतींची प्रकरणे सरकारपुढे मांडली. १८९१ च्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ झाले. पुण्यात टिळक विरोधात, रानडे-भांडारकर बाजूने. मुलींची शरीरे पुरावा ठरली. त्यांचे म्हणणे मात्र त्या वादात जवळजवळ ऐकू येत नाही.

४/ भोर तेव्हा पंत सचिवांचे संस्थान. राजगड-तोरण्याचा मुलूखही त्यातच. मुलींचे विवाहवय १४ ठरवणारा १९२९ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. १९७८ मध्ये हे वय १८ झाले.

५/ तरीही गुंता सुटला नाही. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यानुसार अल्पवयीन विवाहितेचा नैसर्गिक पालक म्हणजे तिचा पती. २००६ च्या कायद्यानेही बालविवाह सरसकट आपोआप रद्द होत नाही.

६/ उलट २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ खालील प्रत्येक व्यक्ती बालक. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ ते १८ वयाच्या पत्नीशी संभोगालाही बलात्कार ठरवले. म्हणजे कायद्याने पालक तोच, संभाव्य आरोपीही तोच! शिवाय अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक. मग संशोधक गोपनीयतेचे वचन कसे देणार?

७/ सोपी वाट : १८ खालील मुलींना वगळावे. पण १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत झालेल्या माता-पोषण अभ्यासामुळेच आईचा आहार व बाळाचे वजन यांचे नाते उमगले. किशोरवयीन माता अशा अभ्यासांत नसतील, तर त्यांचे उपचार प्रौढ स्त्रियांवरून बेतले जातील. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २०-२४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ आधी झालेले होते.

८/ आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे पालकाच्या परवानगीसोबत बालकाचा स्वतःचा होकारही मागतात. मला वाटते, येथे तोच मुख्य मानावा. सासू व नवरा जवळ नसताना तिच्याशी बोलावे. काय गुप्त राहू शकणार नाही, ते आधीच सांगावे. तिच्या नकारामुळे तिची तपासणी वा औषधे थांबू नयेत.

९/ १८९१ चा वाद १० की १२ यावर रंगला. आज आकडा १८ आहे. संशोधकाने वय जरूर नोंदवावे, पण त्याआधी तिला विचारावे, आणि ती 'नको' म्हणाली तर वही मिटावी.