शाळेच्या हॉलातलं नाटक

मुंबईत दादर स्टेशनला पश्चिमेकडे उतरलं, की अगदी जवळच छबिलदास शाळा लागते. आज त्या गल्लीत लोक वडा खायला जातात. पण १९७४ पासून पुढची कित्येक वर्षं तिथे नाटकाचं वेड घेतलेली माणसं जात होती.

गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. १९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे या मित्रमंडळींनी ‘रंगायन’ सुरू केली. वर्गणी भरणारे सभासद हाच प्रेक्षक. तिकीटखिडकीची धास्ती नाही, त्यामुळे नवं काही करून बघायची मुभा. १९६७ साली राज्य नाट्यस्पर्धेसाठी त्यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, बेणारेबाई सुलभा देशपांडे. आता गंमत बघा. हौशी नाटकमंडळींनीच केलेलं हे नाटक आहे हौशी नाटकमंडळींबद्दल! गावात प्रयोगाला आलेली ही माणसं वेळ घालवायला लटका खटला उभा करतात आणि बघता बघता आपल्यातल्याच एकीला फाडून खातात. मित्रांच्या संस्थेबद्दल आपण फार गोड बोलतो. तेंडुलकर बोलले नाहीत.

पुढे काही वर्षांत रंगायनही फुटली. त्यातून देशपांडे दांपत्य आणि अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ काढली. पहिलं मोठं नाटक ‘तुघलक’: मूळ कन्नड, गिरीश कार्नाडांचं, मराठी केलं तेंडुलकरांनी. पण प्रश्न राहिला जागेचा. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं भरायचं, तर गर्दी खेचणारं नाटक करावं लागतं. गर्दी खेचायची म्हणजे मग प्रयोग कसला करणार?

सुलभाताई छबिलदासमध्ये शिक्षिका होत्या. शाळेचा हॉल मिळाला. उंच रंगमंच नाही, मखमली पडदा नाही. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. नट प्रेक्षकांच्या इतका जवळ, की त्याला खोटं बोलायची सोयच नाही. मला वाटतं, या अडचणीनेच तिथल्या अभिनयाला वळण लावलं. मोठ्या थिएटरातला ठेवणीतला आवाज इथे हास्यास्पद वाटला असता.

महत्त्वाचं म्हणजे आविष्कारने हॉल स्वतःपुरता ठेवला नाही. इतर संस्थांनाही तिथे जागा मिळाली. सत्यदेव दुबे हिंदी नाटकं घेऊन आले, अमोल पालेकर आले. लेखक, नट, प्रेक्षक सगळे प्रयोगानंतर खाली गल्लीत चहाला एकत्र. त्याला लोक ‘छबिलदास चळवळ’ म्हणू लागले. जाहीरनामा वगैरे कुणी काढला नव्हता. होता तो एक हॉल, आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची तयारी.

१९८७ मध्ये अरविंद देशपांडे गेले. पुढे छबिलदासची जागाही सुटली. काकडेकाकांनी बिऱ्हाड उचललं आणि माहीमच्या महापालिका शाळेत मांडलं. पुन्हा शाळाच.