पडद्यावरील ओळीचा ठावठिकाणा : 'मोअर' ते 'लेस' या मजकूर-वाचक आज्ञावलींचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी यंत्रांचा वेग, स्मृतीची क्षमता आणि मोठ्या कंपन्यांचा उदय यांभोवती फिरत राहिलेले दिसते. ज्या लहान आज्ञावलींच्या आधारे लक्षावधी लोकांनी पडद्यावर मजकूर वाचला, त्यांची नोंद या इतिहासात क्वचितच आढळते. युनिक्स प्रणालीवरील 'मोअर' आणि 'लेस' या अशाच दोन आज्ञावली होत. टर्मिनलच्या पडद्यावर लांबलचक मजकूर एकेक पान करून दाखविणे एवढेच त्यांचे काम. मात्र हे काम करताना 'पडद्यावर या क्षणी दिसणारी ओळ मूळ फाईलमध्ये नेमकी कोठे आहे?' हा प्रश्न निर्माण झाला. त्याचे उत्तर कसे शोधले गेले आणि देवनागरी मजकुराच्या संदर्भात ते कितपत पुरेसे ठरते, याचा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने विचार करणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

कागदाकडून काचेकडे :

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला, तेव्हा संगणकाशी संवाद साधण्याचे प्रमुख साधन टेलिटाइप हे होते. १९६३ मध्ये बाजारात आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापीत असे. हा वेग अत्यंत मंद असला तरी त्यात वाचकाची एक सोय आपोआप साधली जात होती. छापलेला कागद वाचकाच्या हाती राहत असल्याने मागची ओळ पाहावयाची झाल्यास गुंडाळी उलगडणे पुरेसे होते. 'मागे जाणे' ही संगणकाची जबाबदारी नव्हती.

१९७० च्या दशकात काचेच्या पडद्याची टर्मिनले आली. १९७६ चे एडीएम-३ए आणि १९७८ चे व्हीटी-१०० ही त्यांपैकी विशेष प्रसिद्ध यंत्रे. २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० रकाने हा पडद्याचा आकार याच काळात रूढ झाला. म्हणजेच एका वेळी जास्तीत जास्त १,९२० अक्षरे दिसू शकत. वेग वाढला, कागदाचा खर्च वाचला. परंतु पडद्याच्या वरच्या कडेवरून निघून गेलेली ओळ या टर्मिनलांच्या दृष्टीने नाहीशीच होई. कागदाने विनासायास दिलेली स्मृती काचेने काढून घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

'मोअर'चा उदय व मर्यादा :

वेगाने सरकणारा मजकूर थांबविण्याची गरज प्रथम भागविली गेली. १९७८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असलेल्या डॅनियल हॅल्बर्ट यांनी 'मोअर' ही आज्ञावली लिहिली. पडदा भरला की ती थांबे आणि वाचकाने कळ दाबली की पुढचे पान दाखवी. पुढे एरिक शेनब्रूड व जेफ पेक यांनी तिच्यात भर घातली. या आज्ञावलीची मूळ वृत्ती पुढे जाण्याची होती. पुढील ओळ दाखविण्यासाठी फाईलमधून वाचन चालू ठेवणे एवढेच पुरते. मागील ओळी कोठे सुरू झाल्या होत्या हे लक्षात ठेवण्याची आवश्यकता नसते. परिणामी वाचकाची अवस्था नदीकाठी उभ्या असलेल्या माणसासारखी झाली. वाहून गेलेले पाणी परत आणण्याचा सुलभ मार्ग त्याच्यापाशी नव्हता.

'लेस' आणि स्थान-सारणी :

ही उणीव दूर करण्यासाठी मार्क न्यूडलमन यांनी १९८३ ते १९८५ या काळात 'लेस' ही आज्ञावली लिहिली आणि १९८५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. 'मोअर' म्हणजे अधिक, तर 'लेस' म्हणजे कमी, असा नावातच विनोद आहे. मागे जाण्याची सोय हे तिचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

या सोयीचा गाभा म्हणजे एक छोटी सारणी. पडद्यावरील प्रत्येक ओळीसाठी तीत एक नोंद असते. त्या नोंदीत ओळीतील मजकूर नसतो. ओळीचे पहिले अक्षर फाईलच्या आरंभापासून कितव्या बाइटवर आहे, एवढा आकडा असतो. वाचक एक ओळ पुढे सरकला की सारणीतील सर्वांत वरची नोंद गळते, उरलेल्या एकेक जागा वर सरकतात आणि तळाशी नवी नोंद होते. मागे सरकल्यास हीच क्रिया उलट दिशेने घडते.

पुढची ओळ शोधणे सोपे, मागची शोधणे अवघड, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रोमन लिपीतील २०० अक्षरांची एक सलग ओळ ८० रकान्यांच्या पडद्यावर तीन ओळींत दुमडली जाते. त्या अनुक्रमे ०, ८० आणि १६० या बाइटांवर सुरू होतात. समजा, पडद्याच्या माथ्यावर १६० पासूनची ओळ आहे आणि वाचकाने एक ओळ मागे जाण्यास सांगितले. ८० हा आकडा फाईलमध्ये कोठेही लिहिलेला नसतो. तेव्हा आज्ञावली १६० पासून एकेक बाइट मागे जात मूळ ओळीच्या आरंभाशी पोहोचते, तेथून पुन्हा पुढे येत ओळ दुमडून पाहते आणि १६० च्या अलीकडची शेवटची दुमड, म्हणजे ८०, निश्चित करते. मागे एक पाऊल टाकण्यासाठी आधी ओळीच्या मुळाशी जावे लागते.

या रचनेचे दोन लाभ लक्षणीय आहेत. पहिला असा की, संपूर्ण फाईल वाचून होण्याची वाट न पाहता पहिले पान दाखविता येते. दुसरा असा की, पडद्याची रुंदी बदलल्यास जुन्या दुमडी निरर्थक ठरत असल्या तरी वाचकाची जागा हरवत नाही. माथ्यावरील ओळीचा बाइट-क्रमांक जपून ठेवला की त्यावरून नवी सारणी उभारता येते.

ओळीचे स्थान व ओळीचा क्रमांक :

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. ओळ कितव्या बाइटवर आहे हे ठाऊक असले, तरी ती फाईलमधील कितवी ओळ आहे हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी ओळींची मोजणी करावी लागते. 'लेस' यासाठी स्थान आणि क्रमांक यांच्या काही जोड्या वेगळ्या यादीत राखते आणि जवळच्या ज्ञात जोडीपासून मोजणी करते. यादी भरली की शेजारच्या जोड्यांच्या अगदी निकट असलेली जोडी वगळली जाते. त्यामुळे उरलेल्या जोड्या फाईलभर विखुरलेल्या राहतात. प्रवाशांच्या सोयीसाठी रस्त्यावर ठराविक अंतराने मैलाचे दगड असावेत, तसेच हे नियोजन आहे. मोजणीस फार वेळ लागू लागल्यास ती थांबविण्याची मुभाही वाचकास दिलेली आहे.

मराठी ग्रंथपरंपरेत हा भेद अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीचा संदर्भ देताना अभ्यासक अध्याय व ओवी सांगतात. केवळ पृष्ठ सांगून भागत नाही, कारण पृष्ठ हे प्रतीचे असते आणि ओवी ही ग्रंथाची. पडद्यावरील ओळ ही पृष्ठासारखी आहे, तर फाईलमधील स्थान ओवीसारखे. वाचकाची खूण पडद्याला न बांधता मजकुराला बांधणे, हेच स्थान-सारणीचे मर्म होय.

देवनागरी मजकुराची कसोटी :

वरील उदाहरणात एक अक्षर, एक बाइट आणि एक रकाना यांचे समीकरण गृहीत धरले होते. देवनागरीत ते टिकत नाही. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात देवनागरीची वर्ण-चिन्हे एकेका बाइटमध्ये बसविलेली होती. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मराठी' हा शब्द वाचकाला तीन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या लेखी त्यात पाच चिन्हे व १५ बाइट असतात. 'क्ष' हे एकच जोडाक्षर तीन चिन्हांचे, म्हणजे नऊ बाइटांचे असते.

एकेक बाइट मागे जाताना चिन्हाच्या मध्येच पाऊल पडण्याचा धोका यूटीएफ-८ च्या रचनेमुळे टळतो, कारण मधला बाइट त्याच्या स्वरूपावरूनच ओळखता येतो. खरी अडचण रकान्यांची आहे. जोडाक्षरास किती रकाने द्यावयाचे याविषयी आज्ञावली आणि टर्मिनल यांचे एकमत नसेल, तर आज्ञावलीने एका ठिकाणी दुमडलेली ओळ पडद्यावर दुसरीकडेच मोडते. सारणीतील पत्ता बिनचूक असतो, पण त्या पत्त्यावरचे घर वाचकाला भलत्याच ठिकाणी दिसते.

निष्कर्ष :

१) काचेच्या पडद्याने कागदाची स्मृती हिरावून घेतली, स्थान-सारणी हा ती स्मृती अल्प खर्चात परत मिळविण्याचा प्रयत्न होता.

२) मजकूर न साठविता केवळ त्याची स्थाने साठविणे हा निर्णय तत्कालीन मर्यादित साधनांस अनुरूप होताच, साधने विपुल झाल्यावरही तो उपयुक्त ठरला आहे.

३) फाईलमधील स्थान लिपीनिरपेक्ष असले तरी पडद्यावरील दुमड लिपीसापेक्ष असते. रकान्यांची कल्पना रोमन लिपीच्या सोयीने रूढ झाल्याने देवनागरीच्या वाचकास तिचा भुर्दंड सोसावा लागतो.

मागे वळून पाहता येणे हा वाचनाचा मूलभूत हक्क आहे. तो पडद्यावर प्रस्थापित करणाऱ्या अशा लहान आज्ञावलींचा अभ्यास संगणकाच्या इतिहासाबरोबरच वाचनसंस्कृतीच्या इतिहासातही समाविष्ट होणे अगत्याचे आहे.