३० सप्टेंबर २०२३ : हांगझोऊचा तो पाचवा गेम

आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुषांच्या सांघिक स्क्वॉशची अंतिम लढत भारत विरुद्ध पाकिस्तान अशी रंगली. मुंबईकर महेश माणगावकर पहिलाच सामना नासिर इक्बालकडून हरला, मग सौरव घोषालने बरोबरी साधली. निर्णायक सामन्यात अभय सिंगसमोर होता एकोणीस वर्षांचा नूर जमान, माजी ब्रिटिश ओपन विजेते कमर जमान यांचा नातू. पाचव्या गेममध्ये नूर १०-८ असा पुढे, सुवर्ण एका गुणावर. अभयने सलग चार गुण खेचले, १२-१०. माणगावकरचं हे दुसरं सांघिक सुवर्ण. पहिलं २०१४ मध्ये इंचनला मिळालेलं. नूरही खचणारा नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये कराचीत तो तेवीस वर्षांखालील जगज्जेता झाला.