आधी मोजणी

पिपरी मेघेहून पवनार जवळच. वर्धा ओलांडून नागपूरचा रस्ता धरला की धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम लागतो. आपल्याकडच्या पोरांची एक तरी सहल तिथे जातेच, आणि भूदानाची गोष्टही तिथेच ऐकायला मिळते. १९५१ साली विनोबा पायी तेलंगणात गेले, १८ एप्रिलला पोचमपल्लीत त्यांनी भूमिहीनांसाठी हात पसरला, आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने १०० एकर देऊ केली.

या गोष्टीतला एक तपशील सहलीत सहसा राहून जातो. तिथल्या ४० दलित कुटुंबांनी नुसतं ‘जमीन द्या’ म्हटलं नव्हतं. आम्हाला ८० एकर लागेल, निम्मी ओलिताची आणि निम्मी कोरडवाहू, असा हिशेबच त्यांनी मांडला होता. पुढे चळवळ देशभर पसरली, ५ कोटी एकरांचं लक्ष्य ठरलं आणि ४० लाखांहून जास्त एकर कागदोपत्री जमाही झाली. त्यातली बरीच जमीन खडकाळ नाहीतर वादातली निघाली, आणि वाटप वर्षानुवर्षं रखडलं. विनोबांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण पोचमपल्लीत आकडा गरजवंतांनी सांगितला होता, नंतर तो वरून ठरू लागला. माझ्या मते चूक तिथे झाली.

हा फरक माझ्या लक्षात आला तो मुंबईच्या फूटपाथांचा इतिहास वाचताना.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडायचं. दहा दिवसांनी, २३ जुलैला, ऐन पावसात झोपड्या पाडल्या आणि माणसांना बसमध्ये कोंबून शहराबाहेर नेलं. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर काहीजण कोर्टात गेले. अर्जदारांत संगमनेरहून आलेलं एक कुटुंबही होतं. म्हणजे भूदानाला तीस वर्षं झाली होती आणि गावात पोट भरेना म्हणून माणसं फूटपाथवर येतच होती.

सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला १० जुलै १९८५ रोजी. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींनी म्हटलं, जगण्याच्या हक्कात पोटापाण्याचा हक्क येतो. कायद्याच्या वर्गात हे वाक्य अजून शिकवतात. त्याच निकालाचा दुसरा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. फूटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार कोर्टाने कायम ठेवला आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत काय ती सवलत दिली. वाक्य जिंकलं होतं, घर हरलं होतं.

आता हाताशी साडेतीन महिने होते. आपण असतो तर मोर्चा काढला असता. भायखळ्यात आदल्याच वर्षी सुरू झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने आणि तिथल्या फूटपाथवासीयांनी मोजणी करायचं ठरवलं. कारण साधं होतं. १९७६ साली सरकारने झोपड्यांची गणना केली, त्यात फूटपाथवरचे बहुतेक लोक धरलेच नव्हते. जो मोजलाच गेला नाही, त्याच्यासाठी पर्यायी जागा मागायची तरी कशी?

सुमारे ६,००० कुटुंबं आणि २७,००० माणसं भरली. ही माणसं भिकारी किंवा चोर असल्याचा समज या मोजणीने खोडून काढला. बहुतेकजण कमावते होते आणि कामाच्या जवळ राहायचं, चालत कामावर जायचं, म्हणून फूटपाथवर होते.

मला सगळ्यात आवडतं ते यानंतरचं. १९८६ साली बायकांनी ‘महिला मिलन’ उभं केलं. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड मिळत नव्हतं, त्यासाठी त्यांनी कचेरीचे खेटे घातले. रोज रुपया-दोन रुपये बाजूला टाकायला सुरुवात केली. पाडापाडीची गाडी आली की त्या आपली झोपडी स्वतःच उतरवून घेत, म्हणजे भांडीकुंडी जप्त व्हायची नाहीत. गाडी गेली की पुन्हा उभी करायच्या. आणि सरकारने काहीच देऊ केलेलं नसताना आपल्याला घर कसं हवं यावर त्या तावातावाने बोलल्या. साड्यांनी मापं घेतली, पोटमाळा मावेल अशा चौदा फुटी उंचीच्या खोलीचा खराखुरा सांगाडा उभा केला आणि लोकांना, अधिकाऱ्यांना बघायला बोलावलं. पुढे चर्चेला बसताना त्यांच्या हातात कुटुंबांची यादी होती, बचतीचं पासबुक होतं आणि घराचं मापही होतं.

तरी वेळ लागलाच. राज्याच्या पुनर्वसन धोरणात फूटपाथवासीयांना धरलं ते १९९५ नंतर. भायखळ्याच्या बायकांना पक्की घरं मिळायला आणखी बरीच वर्षं गेली. मध्ये किती पावसाळे आले, किती जणी ते घर न बघताच गेल्या असतील.

घरं मिळाली ती मानखुर्दला. वस्तीचं नाव मिलन नगर. भिंती पक्क्या, दाराला कडी, पत्ता स्वतःचा. पण जुनं काम भायखळ्यात राहिलं आणि तिथे जायला आता लोकल धरावी लागते.