विक्रमांची वही

बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. क्रिकेटप्रमाणेच त्यातही चेंडूफेक आणि फटकेबाजी आहे. आणि क्रिकेटप्रमाणेच त्याच्या भक्तांना आकड्यांचे भारी वेड आहे. विक्रमांची वही त्यांना पोथीसारखी वाटते. पण ही पोथी लिहिली कोणी, हा प्रश्न आज विचारायचा आहे.

आधी एक नवलाची हकीकत. बेसबॉलमध्ये एका संघाचे तीन गडी बाद झाले की पाळी बदलते, आणि असे नऊ डाव होतात. 26 मे 1959 रोजी पिट्सबर्गच्या हार्वे हॅडिक्सने बारा डावांत ओळीने छत्तीस गडी बाद केले. एकालाही पहिल्या तळापर्यंत पोहोचू दिले नाही. परंतु त्याच्या सोबत्यांना एक धाव काढता येईना! तेराव्या डावात क्षेत्ररक्षणात चूक झाली, पुढे एक फटका बसला, आणि हॅडिक्स 1-0 असा हरला. पुढे 1991 साली नियम ठरला की, सामना संपेपर्यंत एकही सफल फटका बसता कामा नये. झाले! हॅडिक्सचे नाव त्या मानाच्या यादीतून गळले. पराक्रम तोच, व्याख्या मात्र बदलली.

ही गोष्ट एका माणसाची झाली. पण व्याख्येने सबंध जमातच वगळली, तर?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या संघांची दारे बंद होती. असा लेखी नियम कोठे नव्हता. सगळे अलिखित संगनमत! तेव्हा त्यांनी आपले वेगळे संघ उभारले, आणि 1920 पासून त्यांच्या स्वतंत्र स्पर्धा रीतसर सुरू झाल्या. त्यांतला जोश गिब्सन हा फटक्यांचा बादशहा. 20 जानेवारी 1947 रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तो वारला. त्यानंतर पंचाऐंशीच दिवसांनी, 15 एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला, आणि ते दार उघडले.

गंमत पाहा. त्या दिवशी रॉबिन्सनच्या नावावर एकही सफल फटका नाही. तरीही 1997 साली, त्या घटनेच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, त्याचा 42 हा क्रमांक सर्व संघांनी कायमचा राखून ठेवला. आज 15 एप्रिलला प्रत्येक खेळाडू तोच क्रमांक पाठीवर मिरवतो. वहीत शून्य, इतिहासात सुवर्णदिन!

आणि गिब्सन? जुन्या वर्तमानपत्रांतले धावफलक संशोधकांनी वर्षानुवर्षे चिकाटीने जमवले. 2020 साली त्या स्पर्धांना बरोबरीचा दर्जा मिळाला, आणि 2024 च्या मे महिन्यात त्यांचे आकडे मुख्य वहीत चढले. टाय कॉबची .367 ची सरासरी मागे पडली, गिब्सनची.372 अग्रस्थानी आली. मृत्यूनंतर 77 वर्षांनी!

कोणी म्हणेल, त्याचे सामने कॉबपेक्षा किती तरी कमी होते. आक्षेप खोटा नाही. पण ते कमी का होते? ज्यांनी दार लावून घेतले, त्यांनीच पुढे हजेरी कमी पडली म्हणून बोट दाखवावे, हा कोठला न्याय?

आकडा खोटे बोलत नाही, हे खरे. परंतु जो आकडा लिहिलाच गेला नाही, तो बोलणार तरी कसा? म्हणून विक्रमांची वही वाचताना शेवटच्या ओळीखालची कोरी जागाही पाहावी.