बालाघाटचं सीताफळ : डोंगराचं फळ आणि कोयत्याचा हंगाम

आजचा विषय गोड आहे. सीताफळ खात खात वाचत असाल तर स्क्रीनची काळजी घ्या, बोटं चिकट होतात.

पावसाळा सरत आला की बीडच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी या बाजूला, सकाळची सुरुवात सीताफळाने होते. पोहे-उपीट नंतर. आधी अढीतलं एक मऊ झालेलं फळ दोन्ही हातांनी फोडायचं, गर चोखायचा आणि बिया अंगणात टाकायच्या. पुण्या-मुंबईत हल्ली यालाच 'सीझनल, लोकल, ऑर्गॅनिक ब्रेकफास्ट' म्हणतात. बालाघाटात मात्र याला नाव द्यावं असं कुणाला कधी वाटलं नाही.

पण हे फळ 'लोकल' तरी आहे का? नाव सीतेचं, भाऊबंद रामफळ आणि हनुमानफळ. त्यामुळे थेट रामायणातलंच वाटतं. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र सांगतात की याचं मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आहे आणि पोर्तुगीजांच्या काळात ते इकडे आलं. बंगालीत सीताफळाला 'आता' म्हणतात, फिलिपिन्समध्ये 'आतिस'. या शब्दांचं नातं मेक्सिकोतल्या जुन्या नाहुआत्ल भाषेशी जोडलं जातं. म्हणजे फळाबरोबर नावानेही समुद्र ओलांडला.

यावर वादही झाला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७९ साली भारहूतच्या स्तूपावर पुस्तक लिहिलं. तिथल्या इसवी सनापूर्वीच्या शिल्पांत त्यांना सीताफळ दिसलं, म्हणून ते इथलंच असं त्यांचं म्हणणं. पुढे २००९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या टोकवा इथल्या उत्खननात मिळालेल्या जळक्या बीवर एक शोधनिबंध आला. कोलंबसच्या कितीतरी आधीच हे फळ भारतात पोचलं असावं, असं त्या अभ्यासकांनी मांडलं. मला विचाराल तर शिल्पातलं खवल्याखवल्यांचं फळ ओळखणं फार बेभरवशाचं काम आहे. कुणी त्याला फणसही म्हणेल. बीचा पुरावा जास्त वजनदार, पण एका बीवर सगळा इतिहास उलटवायला मी तयार नाही.

आता डोंगरावर या. बालाघाटची जमीन मुरमाड, पाऊस कमी आणि लहरी. तिथे सीताफळ टिकलं, कारण ते उन्हाळ्यात सगळी पानं गाळून बसतं आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतं. शेळ्या दिसेल ते ओरबाडतात, पण सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. पानांत आणि बियांत किड्यांना मारणारी द्रव्यं असतात. बियांची पूड उवांवर लावायची जुनी रीत त्यातूनच आली. (कुणी करत असेल तर सांभाळून, ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते.) पाणी नाही, खत नाही, फवारणी नाही, तरी फळ येतं. ते सेंद्रिय राहिलं ते असं. त्यावर खर्च करावा असं कुणाला वाटलंच नव्हतं.

गंमत बघा, आज सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या जातींपैकी 'बाळानगर' तेलंगणातल्या महबूबनगरकडची. बीड आणि महबूबनगर दोन्ही एकेकाळी निजामाच्याच राज्यात होते.

डोंगरातलं हे झाड शेतात आलं ते मुख्यतः १९९० नंतर. त्या वर्षी राज्याने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली आणि कोरडवाहू बांधांवर सीताफळाचे खड्डे पडले. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने 'धारूर ६' ही जात दिली. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. शेजारच्या बार्शी तालुक्यातून नवनाथ कसपटे यांची 'एनएमके-१ गोल्डन' आली. फळ मोठं, बिया कमी, जास्त दिवस टिकणारं. व्यापाऱ्याला आणखी काय हवं? पण दाट बागा झाल्या की पिठ्या ढेकूणही येतो, आणि त्याच्यामागून फवारणीचा पंप येतो.

गावरान सीताफळाचं दुखणं वेगळंच आहे. डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पिवळसर दिसायला लागल्या, की तोडायचं. मग दोन-तीन दिवसांत ते पिकून मऊ होतं. फ्रिजमध्ये कच्चं ठेवलं तर साल काळी पडते. त्यामुळे भाव पाडून मागणाऱ्यासमोर शेतकऱ्याला थांबता येत नाही. क्रेट आज विकला नाही, तर उद्या नुसता गर उरतो.

आणि तोडायला माणूस कुठून आणायचा? १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडायला माणसं लागली ती याच डोंगरपट्ट्यातून जायला लागली. १९७२ च्या दुष्काळानंतर तर जास्तच. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. सीताफळाचा भर हंगामही नेमका तेव्हाच असतो. घरच्या बांधावर फळाचे डोळे उघडतात आणि घराला कुलूप लागतं. मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही पोरं. ती जमेल तेवढं तोडून टोपलीत घालतात आणि रस्त्याच्या कडेला विकायला बसतात. उरलेलं पाखरं खातात.

या दिवसांत त्या बाजूने गेलात तर हायवेच्या मोठ्या स्टॉलपुढे जाऊन आतल्या रस्त्यावर थांबा. टोपलीतलं लहान, वाकडंतिकडं, जास्त बियांचं फळ घ्या. झाड डोंगरातलं की बागेतलं, फवारणी केली होती का, हे सरळ विचारा, आजी सांगतात. आज खायची आणि परवा खायची वेगळी मागा. परवाची गवतात किंवा कागदात अढी घालून ठेवा. भाव मात्र त्या सांगतील तोच द्या. त्यांचं माल उतरवणारं माणूस तेव्हा सांगली नाहीतर कोल्हापूरकडच्या फडात ऊस तोडत असतं.