त्रिनिदादचा समुद्रकिनारा

कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलासमोर असलेल्या त्रिनिदाद बेटाचा किनारा. उत्तरेला डोंगर थेट समुद्रात उतरतात. तेथील माराकास ही सर्वांत लोकप्रिय पुळण. तळलेल्या पावात शार्कचा तुकडा, वर चिंचेची चटणी, हे तिथले ठरलेले खाणे. ईशान्येच्या ग्रांद रिव्हिएर येथे मार्च ते ऑगस्टदरम्यान अजस्र लेदरबॅक कासवे रात्री अंडी घालायला येतात. पूर्वेच्या मान्झानिला किनाऱ्यावर नारळीची दाट रांग आहे. मात्र अटलांटिकच्या ओढीमुळे पोहणे धोक्याचे. नैर्ऋत्येला ला ब्रेआ येथे सुमारे ४० हेक्टरांचे नैसर्गिक डांबराचे तळे आहे. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेने तेथील डांबराने जहाजांच्या फटी बुजवल्या.

भारतीय वाचकाने चुकवू नये असे स्थळ पश्चिमेला वॉटरलू येथे आहे. १८४५ पासून येथे आलेल्या गिरमिटियांपैकी (करारबद्ध भारतीय मजुरांपैकी) बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्यातील सिवदास साधू यांनी साखर कंपनीच्या जमिनीवर बांधलेले मंदिर १९५२ मध्ये पाडले गेले, त्यांना तुरुंगवासही घडला. मग समुद्र कोणाच्या मालकीचा नाही म्हणून त्यांनी सायकलवरून दगड-सिमेंट वाहून पाण्यातच भराव घालून मंदिर उभारले. १९९५ मध्ये सरकारने त्या मंदिराची पुनर्बांधणी केली.